हृदयातल्या लाटांचं सिम्युलेशन: मिनिमल, टेन टुशर की ओहारा-रुडी?

थीसिससाठी हृदयातल्या विजेच्या लाटांचं सिम्युलेशन करताय? मग स्पायरल वेव्ह, म्हणजे भोवऱ्यासारखी गोल फिरणारी लाट, कशी फिरते, कशी तुटते हे बघायचंय, की एखादं औषध कुठल्या चॅनलवर (पेशीत आयन आत-बाहेर सोडणारी वाट) काय करतं ते? आधी हे ठरवा, मॉडेल त्यावरून निवडायचं, लेटेस्ट कुठलं आहे त्यावरून नाही. ह्युमन व्हेंट्रिकलसाठी (माणसाच्या हृदयाचा खालचा कप्पा) बहुतेक जण तीनपैकी एक घेतात, 2006 चं टेन टुशर-पानफिलोव्ह, 2008 चं ब्युएनो-ओरोव्हियो म्हणजे ज्याला मिनिमल म्हणतात ते, आणि 2011 चं ओहारा-रुडी. (1996 चं अलिएव्ह-पानफिलोव्ह शिकायला मस्त आहे, दोनच व्हेरिएबल, म्हणजे दर पॉइंटला सतत बदलणारे आकडे, पण व्होल्टेज शून्य ते एकमध्ये येतं, मिलिव्होल्ट नंतर आपण काढत बसायचे. थीसिसला नको.)

मिनिमलला 4 व्हेरिएबल, टेन टुशरला 19, ओहाराला 41. आता 0.25 मिमी अंतराची 512 बाय 512 ग्रिड घ्या, साधारण 13 सेमीचा चौकोनी तुकडा झाला, तर मिनिमलमध्ये दर स्टेपला साडेदहा लाख आकडे अपडेट होतात आणि ओहारात एक कोटीच्या वर, आणि वर ग्रिड निम्म्या अंतराची केली की पॉइंट चौपट होतात, साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत (पुढची स्टेप थेट आधीच्या आकड्यांवरून काढायची) टाइमस्टेपची मर्यादाही चौपट खाली येते, म्हणजे काम सोळापट. लॅब जीपीयू (खूप आकडेमोड एकाच वेळी करणारी चिप) देणार असेल तर गोष्ट वेगळी.

मिनिमलला कमी लेखू नका. अॅक्शन पोटेन्शियलचा (पेशीतल्या व्होल्टेजचा एक ठोका) आकार, रेस्टिट्यूशन (दोन ठोक्यांमधली विश्रांती कमी-जास्त झाली की पुढचा अॅक्शन पोटेन्शियल किती लांब होतो ते), लाटेचा वेग हे सगळं त्यात बसवलेलं आहे, एपी, एंडो आणि मिड (हृदयाच्या भिंतीचा बाहेरचा, आतला आणि मधला थर) तिन्हीचे पॅरामीटर सेट तयार मिळतात. पण त्यात आयनांचं कॉन्सन्ट्रेशनच नाही, त्यामुळे बाहेरचं पोटॅशियम वाढलं तर काय होईल असं गाइडनी विचारलं की तुम्ही अडकलात.

तिथे टेन टुशर. कॅल्शियम, पोटॅशियम दोन्ही आहेत, आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे मूळ पेपरमध्येच रेस्टिट्यूशनचा उतार 0.7, 1.1, 1.4 आणि 1.8 असे चार सेट दिलेत. उतार सगळ्यात तीव्र असलेला सेट घेतला की तीच स्पायरल आपोआप तुटून फिब्रिलेशनसारखा (हृदयाची बेताल थरथर) गोंधळ होतो, हळू उतारावर ती शहाण्यासारखी फिरत राहते.

ओहारा-रुडी 100 हून जास्त निरोगी मानवी हृदयांच्या डेटावर उभं आहे, सीपा (CiPA) या औषधांमुळे हृदयाची लय बिघडते का ते तपासणाऱ्या उपक्रमातही त्याचंच सुधारित रूप वापरतात. ड्रगचा विषय असेल तर दुसरीकडे बघूच नका. मात्र टिश्यूत त्याचा सोडियम करंट त्रास देतो, लाट नीट पुढे जात नाही, मूळ पेपरवाल्यांनीही टिश्यूसाठी टेन टुशरचा सोडियम करंट घातला होता!

माझं मत विचाराल तर अरिदमियाच्या (हृदयाची बिघडलेली लय) लाटांसाठी मिनिमलवर एस1-एस2 (आधी एक झटका, मग त्याच्या लाटेच्या शेपटीवर नेमक्या वेळी दुसरा) लावून स्पायरल काढा, पॅरामीटर तिथेच फिरवा, आणि जे दोन-तीन रिझल्ट महत्त्वाचे वाटतील तेवढेच टेन टुशरवर तपासा. समीकरणं हाताने टाइप करू नका, सेलएमएलच्या (CellML, पेशींची मॉडेल्स लिहून ठेवायचा फॉरमॅट) फाइली तयार आहेत, आणि टिश्यूत जायच्या आधी एका पेशीचा आलेख पेपरमधल्या आलेखाशी जुळतो का ते बघा.