गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे : चांदीच्या संग्रहासाठी पहिली खरेदी

चांदीची नाणी जमवायची हौस निर्माण झाली, की बहुतेकांची पावले प्रथम सराफाच्या पेढीकडे वळतात आणि लक्ष्मी-गणपतीची छाप असलेली दहा ग्रॅमची गोल चकती घेऊन मंडळी समाधानाने घरी परततात. पूजेसाठी ती वस्तू उत्तमच आहे. मात्र ते नाणे नव्हे. नाण्यावर राज्याची मुद्रा आणि दर्शनी किंमत असते, आणि ते सरकारी टांकसाळीत पाडलेले असते. या कसोटीला उतरणारे, चांदीचे, एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेले आणि तरीही पगारदार माणसाला परवडणारे नाणे हवे असेल, तर महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली निघालेल्या दहा रुपयांच्या नाण्यापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या काही वर्षांत या नाण्याचे चार नग मी विकत घेतले, त्यांपैकी दोन चुकीचे घेतले, आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम वस्तूविषयी. नाण्याचे वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर आणि काठ दातेरी आहे. एका बाजूस अशोकस्तंभाची सिंहमुद्रा आणि १० रुपये ही किंमत; दुसऱ्या बाजूस गांधीजींची डावीकडे पाहणारी मुखाकृती, देवनागरी व रोमन लिपीत त्यांचे नाव आणि १८६९–१९४८ ही वर्षे. नवख्या माणसाला चकवणारी गोष्ट अशी, की १९६९ हा आकडा नाण्यावर कुठेच नाही. माझ्या एका स्नेह्यांनी १९४८ हेच नाण्याचे साल समजून ते वहीत तसे नोंदवलेही होते. स्वतंत्र भारताने यापूर्वी, १९६४ साली, पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ नाणी काढली होती; पण ती निकेलची होती. चांदीच्या स्मारक नाण्यांची सुरुवात गांधीजींच्या या दहा रुपयांनी झाली, आणि संग्रहाचा आरंभ येथून करण्यास हे एक कारण पुरेसे आहे.

दुसरे कारण किमतीचे. या नाण्यात ८० टक्के चांदी आहे, म्हणजे १५ ग्रॅमपैकी १२ ग्रॅम शुद्ध धातू. खरेदीला निघण्यापूर्वी त्या दिवसाचा चांदीचा भाव पाहावा आणि त्याला बाराने गुणावे. दर ग्रॅमला शंभर रुपये धरला, तर धातूचेच बाराशे रुपये होतात. विक्रेता त्यावर किती मागतो, हे मग आपोआप उघडे पडते. हे नाणे लाखोंच्या संख्येने पाडले गेले आणि त्यातील पुष्कळशी नाणी लोकांनी खर्च न करता कपाटात जपून ठेवली, त्यामुळे ते दुर्मीळ मुळीच नाही आणि चांगल्या अवस्थेत आजही मिळते. धातूच्या किमतीवर थोडी रक्कम चढवून ते मिळाले, तर व्यवहार सरळ झाला असे समजावे. ‘अतिदुर्मीळ’, ‘भाग्यशाली’, ‘लाखोंची किंमत’ असे शब्द ज्या जाहिरातीत दिसतील, तिच्याकडे पाठ फिरवावी. जुन्या नोटा व नाणी खरेदी-विक्रीच्या अशा फसव्या प्रस्तावांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिलेला आहे.

आता माझ्या दोन चुका. पहिली चूक एका नाणेप्रदर्शनात झाली. एका टेबलावर ‘गांधी, जुनी चांदी’ असे लिहिलेल्या डबीतून मी घाईघाईने एक नाणे उचलले आणि घरी येऊन पाहिले, तर ते त्याच शताब्दीचे एक रुपयाचे निकेलचे नाणे होते. मुखाकृती तीच, अक्षरे तीच, रंगही नव्या निकेलचा चांदीसारखा. फरक फक्त आकारात, वजनात आणि आकड्यात, आणि त्या गर्दीत आकडा वाचण्याचे भानही मला राहिले नाही. तेव्हापासून खिशात एक लहानसा लोहचुंबक बाळगतो. निकेलचे नाणे त्याला चिकटते, चांदीचे चिकटत नाही. दुसरी चूक अधिक महागात पडली. एका विक्रेत्याने आरशासारखे चकचकीत नाणे ‘अगदी कोरे’ म्हणून दाखवले आणि मी जादा पैसे मोजले. पुढे भिंगाखाली पाहिल्यावर गांधीजींच्या गालावर आणि मोकळ्या पृष्ठभागावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेषा दिसल्या. कोणीतरी ते पावडर लावून घासले होते. टांकसाळीतून आलेल्या नाण्याला स्वतःचे एक तेज असते, ते नाणे तिरके फिरवले की प्रकाशाबरोबर पृष्ठभागावरून सरकते. घासलेले नाणे सगळीकडून सारखेच चमकते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला, की पुन्हा फसगत होत नाही. पण तो बसण्यासाठी मला ते नाणे विकत घ्यावे लागले.

तिसरा प्रकार सुदैवाने वेळीच ध्यानात आला. अनेक नाण्यांना गळ्यात घालण्यासाठी वर कडी लावलेली असते आणि विकताना ती कापून जागा घासून टाकलेली असते. काठाचे दाते बोटाने चाचपत गेले, की तेवढ्याच जागी गुळगुळीतपणा लागतो. अशा नाण्याला मोडीच्या चांदीइतकीच किंमत द्यावी. येथे एक गोष्ट नमूद करतो: ‘नको असेल तर वितळवून चांदी घ्या’, असा सल्ला काही जण देतात, परंतु २०११ च्या नाणे अधिनियमानुसार नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे.

ज्यांना अधिक खात्री हवी असेल, त्यांच्यासाठी पाण्याची कसोटी आहे आणि तिला घरगुती साधने पुरतात. शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या लहान वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा, मग नाणे बारीक दोऱ्याला बांधून तळाला किंवा कडेला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावे. काट्यावर दीड ग्रॅमला किंचित कमी आकडा यावा. तो पावणेदोन ग्रॅमच्या आसपास गेला, तर नाण्यात चांदी नाही असे समजायला हरकत नाही, कारण तांबे आणि निकेल चांदीपेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाला अधिक जागा व्यापतात. नंतर नाणे मऊ कापडाने टिपून घ्यावे. पुसण्यासाठी घासू नये.

गांधींचे हे एकच नाणे घेऊन थांबायचे नसेल, तर पुढची वाटही याच दर्शनी किमतीत आखलेली आहे. दहा रुपयांची चांदीची नाणी १९६९ ते १९७३ एवढीच काही वर्षे निघाली आणि मला या मालिकेचे सर्वांत मोठे आकर्षण वाटते ते तिच्या आटोपशीरपणाचे. १९७० आणि १९७१ या दोन्ही सालांची नाणी ‘सर्वांसाठी अन्न’ या विषयावरची, कमळाची छाप असलेली आहेत आणि त्यांत पूर्वीप्रमाणेच १५ ग्रॅम वजन व ८० टक्के चांदी आहे. १९७२ साली स्वातंत्र्याच्या पंचविशीनिमित्त निघालेले नाणे मात्र हातात घेताच मोठे वाटते. संसद भवनापुढे ध्वज घेऊन उभे असलेले स्त्री-पुरुष त्यावर दाखवले आहेत, व्यास ३९ मिलिमीटर आणि वजन साडेबावीस ग्रॅम आहे. पण चांदी ५० टक्क्यांवर आली आहे. हिशेब केला, तर शुद्ध चांदी सव्वाअकरा ग्रॅम, म्हणजे गांधींच्या लहान नाण्यापेक्षा थोडी कमीच भरते. मोठे आहे म्हणून अधिक पैसे मागणाऱ्या विक्रेत्यापुढे हा हिशेब मांडावा.

१९७३ चे नाणे ‘अधिक अन्न उगाओ’ या घोषणेचे आहे. आकार व कस १९७२ प्रमाणेच. नक्षी म्हणून मला ते फारसे आवडत नाही. घोषणेच्या अक्षरांनीच बहुतेक जागा अडवली आहे. तरीही महाराष्ट्रातल्या संग्राहकाने ते टाळू नये असे वाटते. ज्यांच्या घरात बहात्तरच्या दुष्काळाच्या, सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या कामांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्यांना या नाण्यावरची घोषणा निराळी ऐकू येईल. १९७४ साली दहा रुपयांचे नाणे तांबे-निकेलचे झाले आणि चांदी ५० रुपयांच्या नाण्याकडे गेली. पाचही नाणी जमली, तर एकूण शुद्ध चांदी सुमारे ५८ ग्रॅम होते, म्हणजे जुन्या मापाने पाच तोळे.

एकच साल दोन टांकसाळींचे घेण्याची सोयही येथे आहे. मुंबईच्या नाण्यावर वर्षाखाली पत्त्यांतल्या चौकटीसारखी बारीक खूण असते; कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. गांधींच्या दहा रुपयांत मुंबईची नाणी सहज दिसतात, कोलकात्याची शोधावी लागतात. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर, म्हणजे संग्राहकांसाठी खास आरशासारख्या पृष्ठभागाने पाडलेल्या नाण्यांवर, रोमन ‘बी’ असते, पण ती प्रूफ नाणी या परीक्षणाच्या खिशात बसत नाहीत.

टांकसाळीचे नवे संच घेऊन सुरुवात का करू नये, असे कोणी विचारील. लोकमान्य टिळकांचे १०० रुपयांचे, रिझर्व्ह बँकेच्या अमृत महोत्सवाचे ७५ रुपयांचे किंवा डॉ. आंबेडकरांचे १२५ रुपयांचे नाणे कोणालाही हवेसे वाटेल. ही नाणी ४४ मिलिमीटर व्यासाची आणि ३५ ग्रॅमची असून त्यांत निम्मी चांदी, ४० टक्के तांबे आणि प्रत्येकी पाच टक्के निकेल व जस्त असते. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. २०२४ मध्ये निघालेले रिझर्व्ह बँकेचे ९० रुपयांचे नाणे तर ४० ग्रॅम शुद्ध चांदीचे आहे. सुबक वेष्टन आणि निर्दोष पृष्ठभाग हे या संचांचे गुण मला मान्य आहेत. परंतु तेथे आपण धातूबरोबरच घडणावळ आणि वेष्टन यांचेही पैसे मोजतो, आणि भिंग, काटा, चुंबक यांपैकी कशाचाही सराव होत नाही. शिवाय संचाची पेटी उघडून नाणे तळहातावर घेण्याचा धीर होत नाही. गांधींचे नाणे मी पाहुण्यांच्या लहान मुलांच्या हातीही निःशंकपणे देतो, फक्त कडेला धरायला सांगतो.

साठवणुकीत एकच खबरदारी महत्त्वाची आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत. त्यातील पीव्हीसीमुळे काही वर्षांत हिरवट चिकट थर येतो, आणि ५० टक्के चांदीच्या नाण्यांत तांबे अधिक असल्यामुळे ती लवकर बिघडतात. कडक पारदर्शक डब्या घ्याव्यात. ३४ आणि ३९ मिलिमीटर ही दोनच मापे पुरतात. कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यापुरती सिलिका जेलची पुडी शेजारी ठेवावी. काळपट छटा आली, तर ती तशीच राहू द्यावी.

माझ्या पाच खणांच्या डबीत १९७१ चा खण अजून रिकामा आहे. मागच्या महिन्यात एक नाणे दाखवण्यात आले होते, पण काठावर एका जागी बोट घसरले, म्हणून ते परत केले.