नटाने पोस्टाने फोटो पाठवावा का? दिवाळीपासूनचा वापर

अमेरिकेतले धडपडे नट कास्टिंगवाल्यांना, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांना, स्वतःचा फोटो छापलेली कार्डं टपालाने पाठवतात, हे बरीच वर्षं ऐकून होतो. आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर प्रोफाइल फिरवलं की झालं. मी कुडाळचा. राज्य नाट्य स्पर्धा, अधूनमधून दशावतार, आणि मुंबईचं शूटिंगचं युनिट इकडे उतरलं तर मालिकेत दोन-चार दिवसांचं काम. गेल्या दिवाळीपासून मीही पोस्टाने फोटो पाठवतोय.

अनोळखी माणसाला पाठवलेला फोटो जवळजवळ फुकट जातो. ज्याने तुम्हाला कामात एकदा तरी पाहिलंय, त्याच्याकडे गेलेला वसूल होतो. माझा सगळा अनुभव एवढ्यावर येऊन थांबतो.

खर्चाचं म्हणाल तर गंमत आहे. सरकारी पोस्टकार्ड 50 पैशांचं, पण त्यावर मजकूर छापला की ते छापील कार्ड ठरतं आणि दर होतो 6 रुपये. त्यात आकार 14 बाय 9 सेंटीमीटर. स्टुडिओतून मिळणारी 4 बाय 6 इंची प्रिंट त्याहून मोठी. तीच प्रिंट साध्या पाकिटात घातली तर 20 ग्रॅमपर्यंत 5 रुपये. म्हणजे कार्डापेक्षा पाकीट स्वस्त! हे मला पोस्टातल्या बाईंनी समजावलं. त्याआधी पाकिटांचा गठ्ठा बघून त्यांनी विचारलंच होतं, "लगीन ठरला काय रे?"

स्पीड पोस्टच्या फंदात पडू नका. कुडाळहून मुंबईला 50 ग्रॅमपर्यंतच 47 रुपये, वर जीएसटी. शिवाय सहीसाठी कास्टिंगच्या ऑफिसातल्या मुलाला जागचं उठवलंत तर तुमचं नाव लक्षात राहील, पण भलत्याच कारणाने. पोस्टाच्या 'माय स्टॅम्प' योजनेत स्वतःचा फोटो असलेली तिकिटंही मिळतात, 12 तिकिटांना 300 रुपये. हौस म्हणून ठीक. कास्टिंगवाला पाकीट फोडून टोपलीत टाकतो, तिकीट बघत बसत नाही.

प्रिंट मागून पेन फिरेल अशा कागदावरच काढा. गुळगुळीत पाठीवर पेन फिरत नाही, आणि मागे हाताने लिहिलेली ओळ हाच तर सगळा मुद्दा. जून लागला की इकडे पाकिटांचे गोंद आपोआप चिकटतात, तिकिटं एकमेकांना धरून बसतात. मी सगळं तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो.

मागच्या बाजूला नाव, फोन, उंची, कोणत्या वयाची भूमिका शोभते ते, आणि बोली. नुसतं 'कोकणी माणूस' लिहून उपयोग नाही. मालवणी सहज येते, संगमेश्वरी सरावाने जमते, असं स्पष्ट लिहावं. मुंबईत या दोन्ही एकच समजणारे भेटतात. मी आणखी एक ओळ घालतो: 'दशावतारात लिखित संहिता नसते, संवाद उभ्या उभ्या रचायची सवय आहे.' एका सहायकाने फोनवर नेमकं याचंच विचारलं. सेटवर आयत्या वेळी संवादांची पानं बदलतात, तेव्हा न गांगरणारा माणूस त्यांना हवा असतो.

हाताने लिहायची ओळ म्हणजे बातमी. 'अमुक तारखेला स्पर्धेत आमचा प्रयोग, मी सरपंच करतोय.' अंधेरीच्या कास्टिंग ऑफिसातून तो बघायला कोणी येत नाही, यायची अपेक्षाही नाही. माणूस कामात आहे एवढं कळतं. 'संधी द्या' असं कधीच लिहू नये. बातमी नसेल त्या महिन्यात मी काही पाठवत नाही.

वर्सोव्याच्या आरामनगरात कास्टिंगची ऑफिसं दाटीवाटीने आहेत आणि ती सारखी जागा बदलतात. 'पत्ता सोडला' असा शेरा मारून परत आलेली पाकिटं माझ्याकडे साठलीत. पाठवण्याआधी फोन करून पत्ता विचारायचा. तेवढ्यासाठी कोणी रागावत नाही.

काम मात्र मला आरामनगरातून मिळालं नाही. सावंतवाडीकडच्या एका शूटिंगमध्ये ज्यांच्या हाताखाली राबलो होतो, त्या प्रॉडक्शन मॅनेजरांना मी प्रत्येक प्रयोगाची बातमी पाठवत होतो. पुढचं युनिट मालवणात आलं आणि तलाठ्याच्या भूमिकेसाठी त्यांचा फोन आला. हिशेब सरळ आहे. मुंबईहून नट आणायचा तर प्रवास, लॉज, जेवण. कुडाळचा माणूस सकाळी मोटारसायकलवर येतो, संध्याकाळी घरी जातो. कोकणातल्या नटाने पहिली पाकिटं या लोकांना पाठवावीत, कास्टिंगवाल्यांचा नंबर नंतर.

फोटोमुळे एक फोन भलताही आला. निवड झालीय, आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे भरा म्हणे. खरं कास्टिंग करणारा नटाकडून पैसे मागत नाही. ठेवला फोन.

व्हॉट्सअॅप बंद करा असं मी म्हणत नाही. ऑडिशनचा व्हिडिओ तिथूनच जातो आणि तोच निर्णायक. पाकीट त्याच्या आधीचं काम करतं. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा आणि त्यातले दशावतार सुरू होतील, त्याआधी नव्या प्रिंट काढायच्यात. फोटोतला माणूस गुळगुळीत दाढीचा आहे आणि मी आता पुरता दाढीवाला झालोय.