पणजीतला मेडिकल कोडिंगचा वर्ग: सराव उत्तम, लिम्फोमाच्या नोट्स जुन्या

मेडिकल कोडिंग म्हणजे रुग्णाच्या कागदपत्रांतल्या आजाराला ठरलेला कोड देणं. संध्याकाळी भरणाऱ्या या वर्गाची खरी ताकद सरावात आहे. रोज एक डिस्चार्ज समरी हातात देतात. आधी इंडेक्स (आजारांच्या नावांची सूची), मग टॅब्युलर (कोडच्या क्रमाने लावलेली यादी). दोन्ही पाहिल्याशिवाय कोड लिहू देत नाहीत. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका संस्थेच्या कर्करोगाच्या, धड्याला मात्र छापील नोट्स मिटून ठेवा.

आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेच्या आजार-कोडांच्या यादीत १ ऑक्टोबर २०२४ पासून लिम्फोमाच्या रेमिशनला (उपचारांनी आजार ओसरलेल्या अवस्थेला) वेगळे कोड आले. नोट्समध्ये नाकाच्या प्रकारातल्या एनके/टी-सेल या लिम्फोमाच्या प्रकाराला अजून सी८६.० एवढंच लिहिलंय. तो आता अपुरा कोड आहे, विम्याचा क्लेम परत येतो. रेमिशन आलं नसेल तर सी८६.००, आलं असेल तर सी८६.०१.

याहून घातक आहे ते फळ्यावरचं सूत्र: ‘शेवटी ए आला की रेमिशन’. मॅन्टल सेल या प्रकाराला ते लागू पडतं, सी८३.१ए. पण एएलके-निगेटिव्ह अॅनाप्लास्टिक लार्ज सेल या दुसऱ्या प्रकारात सी८४.७ए म्हणजे स्तनातला लिम्फोमा, इम्प्लांटशी संबंधित असतो तो. ए आधीच वापरलेला होता, म्हणून इथे रेमिशनला सी८४.७बी दिला. सूत्रावर विसंबलात तर मानेतली गाठ विरून गेलेल्या पुरुषाच्या नावावर स्तनाचा आजार चढतो. एवढी मोठी चूक शिकवून पाठवणं बरोबर नाही.

एक गोष्ट मात्र बाई फार नेमकी शिकवतात. पेट स्कॅन स्वच्छ आला म्हणून कोडरने स्वतःच्या मनाने रेमिशन लावायचं नाही. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहिलेलं हवं. नुसतं ‘आजाराचा पुरावा नाही’ असेल तर डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवायची. आणि रेमिशन म्हणजे जुना इतिहास नव्हे. झेड८५.७२, म्हणजे आजार पूर्वी होऊन गेल्याचा कोड, डॉक्टर आजार पूर्ण गेला म्हणतील तेव्हाच; तोवर लिम्फोमाचाच कोड. हा तास चुकवू नका.

गोव्यातल्या इस्पितळांच्या रेकॉर्ड रूममधून येणाऱ्यांची इथे गैरसोय होते. त्यांच्या सवयीच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये हे जादा अंक नाहीत, तिथे सी८६.० हाच पूर्ण कोड. हा फरक वर्गात कुणी सांगत नाही, पहिल्याच दिवशी विचारून घ्या. चालू वर्षाची टॅब्युलर लिस्ट सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, ती उतरवून सोबत न्या.