डोव्हरचे कांस्ययुगीन होडीचे दालन : रस्त्याच्या कामातून मिळालेला ठेवा

इंग्लंडमधील डोव्हर बंदरातून फ्रान्सला जाणारी बोट पकडायची असेल, तर थोडे आधी पोहोचून मार्केट स्क्वेअरमधील डोव्हर म्युझियमचे हे दालन अवश्य पाहावे. तेथे काचेआड ठेवलेली ओक लाकडाची होडी सुमारे ३,५५० वर्षांपूर्वीची आहे, आणि ती उजेडात आली ती फोकस्टन ते डोव्हर या ए-२० रस्त्याच्या बांधकामामुळे.

२८ सप्टेंबर १९९२ रोजी रस्त्याखाली सुमारे सहा मीटर खोल खड्ड्यात तिच्या फळ्या दिसल्या. कॅंटरबरी आर्किऑलॉजिकल ट्रस्टचे पुरातत्त्वज्ञ त्या खोदकामावर आधीपासूनच लक्ष ठेवून होते, म्हणूनच ती यंत्राखाली चिरडली गेली नाही. होडी अखंड उचलणे शक्य नसल्याने तिचे तुकडे करून ते बाहेर काढण्याचा निर्णय झाला. तो वाचताना जीव हळहळतो, पण मला तो योग्यच वाटतो, कारण चिखलातून उघडे पडलेले ओले लाकूड हवेत फार काळ टिकत नाही. असे एकूण ३२ तुकडे मेणासारख्या रसायनात मुरवून, पोर्ट्समथ येथे ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या जुन्या युद्धनौकेचे जतन करणाऱ्या मेरी रोझ ट्रस्टकडे गोठवून वाळवण्यात आले आणि पुन्हा जुळवून १९९९ मध्ये या दालनात मांडले गेले. होडीचे दुसरे टोक मात्र शेजारच्या इमारतींना धोका पोहोचू नये म्हणून जमिनीतच राहू दिले आहे. त्यामुळे दिसतो तो साधारण साडेनऊ मीटरांचा भाग.

घाई न करता पाहावी ती तिची बांधणी. यात खिळा एकही नाही. तळाच्या दोन फळ्या लाकडी पाचरांनी एकमेकींत अडकवल्या आहेत, तर बाजूच्या फळ्या यू वृक्षाच्या पिळलेल्या फांद्यांनी अक्षरशः शिवल्या आहेत आणि फटींमध्ये शेवाळ दाबून भरले आहे. आपल्याकडेही पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने होड्या शिवण्याची परंपरा आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून बेतलेले आणि गोव्यात शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले. ते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या फळ्यांमधील टाक्यांची भोके पाहताना विशेष आनंद होईल.

होडीसोबत किमरिज येथील काळ्या दगडाचा एक लहान तुकडाही सापडला. किमरिज डॉर्सेटमध्ये, म्हणजे त्याच किनाऱ्याने पश्चिमेला बरेच दूर आहे, त्यामुळे ही होडी नदीपुरती नव्हती, समुद्रातही जात असावी, असा तर्क करता येतो. पुष्कळ जण होडीचे छायाचित्र काढून पुढे सरकतात, पण उत्खननाची आणि जतनाची हकिकत वाचल्याखेरीज ही भेट अपुरी आहे. विशेषतः महामार्गांच्या कामात असलेल्या मराठी अभियंत्यांनी ती सवडीने वाचावी, कारण खोदकाम सुरू असतानाच पुरातत्त्वज्ञ जागेवर हजर असले तर काय वाचवता येते, ते येथे डोळ्यांनी पाहता येते.