टाचदुखीसाठी रुंद पंजाचे बूट घेतले त्याला आठ महिने झाले, आता लिहिते

मुद्दामच इतके दिवस थांबले, कारण नवीन बूट पहिल्या आठवड्यात कुणालाही छानच वाटतात. मी शाळेत शिकवते, वय ४६, डोंबिवली ते दादर रोजचं येणंजाणं, म्हणजे दोन्हीकडचे जिने, लोकलमध्ये बहुतेक वेळा उभं आणि वर्गातही उभंच. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मनावर घेतलं आणि चार हजारांवरून एकदम रोज दहा हजार पावलं चालायला लागले, तेही पातळ सोलच्या सपाट सँडलवर. (हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र निघालं त्याच्या नावातच तो होता, हे मला फार उशिरा कळलं.) जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की खिळा घुसल्यासारखी कळ, भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायचं, दहा मिनिटांत जरा बरं, आणि संध्याकाळी परत ठणका.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासून प्लान्टर फॅसायटिस सांगितलं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो रात्रभर आखडून राहतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो म्हणून ती कळ. एक्सरेत हाड वाढलेलं दिसलं तेव्हा मी घाबरलेच, तर ते म्हणाले असं हाड न दुखणाऱ्या कितीतरी लोकांचंही वाढलेलं असतं, त्याच्या मागे लागू नका, पोटरी ताणा आणि पायातलं बदला.

मापाची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण माझी खरी चूक तिथेच होती. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत हे ऐकलं होतं, मग शाळेतून आल्यावर कोऱ्या कागदावर सरळ उभी राहिले आणि लेकीला पेन्सिलने दोन्ही पावलांच्या कडेने रेघ मारायला सांगितली. त्या रेघेवर जुनी सँडल ठेवली तर करंगळीच्या बाजूने आणि अंगठ्याच्या बाजूने रेघ चक्क बाहेर! म्हणजे इतकी वर्षं माझा चवडा त्या सँडलमध्ये आवळलेला होता, करंगळीवरचं कुरूप दरवर्षी का यायचं ते तिथे कळलं. लग्नाच्या आधीपासून सहा नंबर घालत होते, निघाला सात, आणि उजवा पाय डाव्यापेक्षा जरा मोठा, तेव्हा उजव्याच्या मापाने घ्यायचे.

बूट साधे जाळीचे, लेसचे, ३,८०० रुपयांना पडले. दुकानात तीन गोष्टी बघितल्या. आतला सोल काढून त्यावर पाय ठेवला तर पाय कुठूनही बाहेर येत नाही ना, सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते ना, आणि बूट वाकवला तर बोटांपाशी वाकतो की मधोमध. मधोमध दुमडणारे दोन जोड तिथेच परत दिले. टाचेमागचा भाग कडक आहे, टाच आत हलत नाही, याचा मला जिन्यावर फार फायदा झाला.

पण महिना झाला तरी सकाळची कळ होतीच, मन अगदी खट्टू झालं, एवढे पैसे घालून काय मिळवलं असं वाटलं. मग फिजिओथेरपिस्टनी विचारलं घरात काय घालता? काहीच नाही! पहाटे पाचपासून स्वयंपाकघरात फरशीवर अनवाणी, डबे, भाजी, पोळ्या, संध्याकाळी परत तेच आणि रविवारी तर दिवसभर. आपल्याकडे घरात चप्पल म्हणजे नकोच असतं. सासूबाईंना कसं विचारावं कळेना, तर त्याच म्हणाल्या, "अगं घाल की, फक्त देवघरात नको." त्यांना २० वर्षांची शुगर आहे, तळव्याची जाणीव कमी झालीय, एकदा चपलेतला खडा दिवसभर कळला नाही आणि जखम झाली, तेव्हापासून त्या स्वतः एमसीआरची (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल घालतात आणि घालण्याआधी आत हात फिरवून बघतात. मग घरापुरती वेगळी, मऊ पण टाचेला आधार असलेली चप्पल आणली, आणि खरा फरक तिथून पडायला लागला. तोवर नुसत्या बुटांना दोष देत बसले होते.

व्यायाम दोनच, पण नेमाने. उठायच्या आधी पलंगावरच बसून पायाची बोटं हाताने स्वतःकडे ओढायची, दहापर्यंत मोजायचं, असं दहा वेळा. आणि भिंतीला हात टेकून मागच्या पायाची टाच जमिनीवर दाबून पोटरी ताणायची. चौथ्या महिन्यात एका सकाळी चहा ठेवताना लक्षात आलं की आज भिंत धरलीच नाही, डोळ्यात पाणी आलं खरंच. चालणं आता आठवड्याला थोडं थोडं करून वाढवलंय.

बुटांच्या तक्रारी आहेत. पावसात जाळीतून पाणी आत, आत वर्तमानपत्र कोंबूनही वाळायला दोन दिवस. ओल्या फलाटावर सोल घसरतो, ऑगस्टमध्ये एकदा पडता पडता वाचले, त्यामुळे पावसाळ्यासाठी मी तरी हे सुचवणार नाही. साडीवर बूट बघून सुरुवातीला स्टाफरूममध्ये सगळ्यांचं लक्ष जायचं, आता आमच्यातल्या दोघींनी असेच घेतलेत.

रोजचे पाच किलोमीटर धरले तर हजाराच्या आसपास चालणं झालंय. धावायच्या बुटांचा फोम साधारण ५०० ते ८०० किलोमीटरला बसतो म्हणतात, माझ्याही बुटांच्या टाचेची बाहेरची कड झिजलीय आणि टेबलावर ठेवले की उजवा बूट किंचित कलतो. म्हणून हे आता फक्त बाजारापुरते. पुढची जोडी मेमध्ये घेणार, सात नंबरच, संध्याकाळी जाऊन, आणि या वेळी दुकानदाराला फरशी थोडी ओली करायला सांगून सोल घसरतो का ते आधी बघणार.