पाच नंबरची लाइन आणि सराफ्यातला काटा: आठ महिन्यांनंतर

मागच्या जुलैत फ्लाय फिशिंगचा नवशिक्यांचा संच मागवला. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पाच नंबरी रॉड, रील, आधीच भरलेली लाइन (म्हणजे फेकायची दोरी), डझनभर फ्लाय, म्हणजे किड्यासारखी दिसणारी हलकी आमिषं. ८,४०० रुपये. बाकी माहिती सगळ्यांना आहेच, सरळ भांडणावर येतो.

१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद. म्हणून सुरुवात इंदूरच्या चिमणबाग मैदानावर, गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून. पहिले चार दिवस ठीक गेले, लाइन पंचवीसेक फूट जायची. मग रील डाव्या हाताने फिरवावी म्हणून घरी लाइन पूर्ण उतरवली आणि उलट्या दिशेने गुंडाळून भरली. तेव्हापासून जी खोड लागली! रॉड मागे नेला, थांबलो, पुढे आणला, तरी लाइन दहा फुटांवर जलेबीसारखी वेटोळी होऊन पडायची. क्रिकेट खेळणारी पोरं ओरडायची, "अंकल, पतंग तो कट गई!"

विक्रेत्याला अकरा मेल टाकल्या. उत्तर एकच: लाइन ही झिजणारी वस्तू, वॉरंटीत बसत नाही. अहो, झिजायला ती पाण्यात तर उतरू द्या! मी रागारागात "रॉड लेचापेचा, लाइन भंगार" असा एक तारा देऊन मोकळा झालो आणि २,२०० ची दुसरी लाइन मागवली. घरात काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तो एक तारा आता मागे घेतोय. सगळा नाही, थोडा.

झालं असं की, नवी लाइन फोडण्याआधी मनात आलं, जुनी भंगार असल्याचा पुरावा तरी हवा. पाच नंबर म्हणजे पुढच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, साधारण ९ ग्रॅम. या खेळात फ्लायला स्वतःचं वजन जवळपास नसतंच. लाइनचं वजन रॉडला वाकवतं आणि तीच फ्लायला घेऊन जाते. मामेभावाचं सराफ्यात दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसताना जुनी हिरवी लाइन काट्याच्या ताटलीत ठेवली. पुढचे ३० फूट: साडेचार ग्रॅम. मी विजयी! दादा चष्म्यावरून बघत म्हणाला, "अरे, दुसरं टोक पण ठेव की." ठेवलं. नऊ ग्रॅम आणि वर चार-पाच मिलिग्रॅम.

म्हणजे लाइन चोख होती, मीच पुढचं टोक मागे करून भरली होती. जुलैत लाइन उतरवली त्या संध्याकाळी ती गच्चीवर पसरली असताना मध्येच फोन आला, परत आलो तर दोन्ही टोकं सारखीच, दोन्हींना फासा. मी बारीक शेपूट पुढे घेतलं आणि जाड भाग रीलच्या पोटात घातला. बारीक दोरी नऊ फुटी रॉडला काय वाकवणार, कपाळ?

सरळ भरली आणि दुसऱ्या दिवशी चाळीस फूट, एका रेषेत. पोरं गप्प.

पावसाळ्यानंतर महूकडच्या एका मित्राच्या शेततळ्यात तळहाताएवढे तिलापिया मिळाले, सोडून दिले. रॉडबद्दल तक्रार नाही. एकदा जोड अडकला होता. देवघरातली मेणबत्ती जोडावर घासतोय तेव्हापासून सुटतो. डासांचं मलम लावलेल्या हाताने लाइन धरू नका, त्यातल्या डीट या रसायनाने तिचा लेप मऊ पडतो. पण माझा राग त्या एक रुपयाच्या कागदावर आहे. सुट्या लाइनीला एका टोकाशी "हे टोक रीलकडे" अशी चिठ्ठी असते. संचात भरून देताना ती काढून टाकली. आठ हजार घेता, चिठ्ठी राहू द्यायला काय जातं? एवढ्यासाठी दीड तारा कापला: साडेतीन.

पुढच्या महिन्यात हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशांसाठी निघतोय, हाच रॉड, हीच लाइन. २,२०० वाली पाकिटातच आहे, फोडलेली नाही. इंदूरात कुणाला पाच नंबरी हवी असेल तर १,८०० ला देईन. चिठ्ठी जागेवर आहे, बघून घेतलंय.