जेट स्की: जेटच ठेवावा की पंखा बसवावा?

मुंबईच्या समुद्रात जेट स्कीचं खरं दुखणं म्हणजे प्लॅस्टिक. तळाच्या जाळीतून पाण्याबरोबर पिशवीही आत जाते; इम्पेलरला (पंपातलं, पाणी जोरात मागे फेकून स्की पुढे नेणारं चक्र) गुंडाळली की इंजिन नुसतं ओरडतं, स्की जागची हलत नाही. पंख्यालाही (बाहेर फिरणारा प्रोपेलर) मासेमारीच्या जाळ्यांच्या दोऱ्या सोडत नाहीत, पण तो वर उचलता येत असेल तर सुरीने कापता तरी येतात. कमी वेगात, ओझं ओढताना पंखाच सरस. पेट्रोलही कमी लागतं.

गाडी अडते ती इंजिनापाशी. स्कीचं इंजिन मिनिटाला ७०००-८००० फेऱ्यांवर थेट इम्पेलर फिरवतं. पंखा त्या वेगाने फिरवून चालत नाही, म्हणजे मध्ये गिअरबॉक्स आला. शिवाय पंपाचा बोगदा बुजवा, सुकाणू नव्याने करा, मागचं वजन सांभाळा. त्यापेक्षा जुनं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं, पंख्यासकट इंजिन) आणि छोटी होडी घ्यावी!

थ्रॉटल सोडला की जेट जवळपास वळत नाही, हा दोष मोठाच. पंख्याच्या होडीचं सुकाणू तेव्हाही थोडं तरी वळवतं. तरी जुहूला पोहणाऱ्यांच्या गर्दीत उघडी पाती नकोतच. ओहोटीला उथळ पाण्यात पंखा तळाला लागतो, जेट वाळू ओढतो. मी जेटच ठेवेन आणि निघण्याआधी, इंजिन बंद असताना, जाळी तपासेन.